टोमॅटोची फूलगळ आणि फवारणीची वेळ

एप्रिलचा उन्हाळा तापला की जुन्नर-नारायणगाव पट्ट्यातल्या टोमॅटो उत्पादकांची एक तक्रार ठरलेली असते : झाड हिरवेगार, पण फुले गळतात. मग कृषी सेवा केंद्रातून ‘स्ट्रेस’ कमी करणारी बाटली येते, फवारणी होते. अनेकदा तोवर उशीर झालेला असतो.

टोमॅटोचे नाजूक ठिकाण पान नव्हे, परागकण आहे. दिवसाचे तापमान ३५ अंशांपुढे गेले आणि रात्रही गरम राहू लागली, की परागकण नीट तयार होत नाहीत. फलधारणा होत नाही आणि फूल देठाशी गळते. हा बिघाड फूल उमलण्याच्या आठवडाभर आधीच, कळीत सुरू होतो. त्यामुळे गळ दिसल्यावर केलेली फवारणी त्या फुलांना वाचवू शकत नाही.

रसायनांचा खरा उपयोग आहे तो आधी झाडाला सावध करण्यात. सॅलिसिलिक आम्ल, म्हणजे अ‍ॅस्पिरिनचे जवळचे भावंड, झाड स्वतःही बनवते. बाहेरून त्याची सौम्य मात्रा मिळाली, की उष्णतेमुळे पेशीत साठणारे घातक ऑक्सिजन-रेणू निकामी करणारी विकरे वाढतात. जपानच्या रिकेन संस्थेतील संशोधकांनी तर साध्या इथेनॉलवर भिस्त ठेवली; प्रमाण साधारण हजार भाग पाण्यात एक भाग. ‘मायक्रो-टॉम’ या बुटक्या वाणाला ते आधी दिल्यावर रोपांनी ५० अंशांचा तडाखा अधिक चांगला सोसला.

मात्र प्रयोगशाळेतला तडाखा काही तासांचा असतो, शेतातला आठवडेच्या आठवडे चालतो. शिवाय मात्रा वाढली तर सॅलिसिलिक आम्लच वाढ रोखते. फूलगळीवर सर्रास वापरले जाणारे एनएए हे संजीवक फूल टिकवते, परागकण दुरुस्त करत नाही. असे फळ पोकळ किंवा बिनबियांचे निघू शकते. त्यापेक्षा शेडनेट, आच्छादन आणि लागवडीची तारीख यांवर केलेला खर्च अधिक भरवशाचा.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये जैवउत्तेजके खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणली. त्यामुळे बाटलीवर घटक स्पष्ट लिहिलेले नसतील तर ती घेऊच नये. घेतलीच, तर कळ्या दिसू लागताच, उष्णतेची लाट येण्यापूर्वी आणि सकाळी लवकर फवारावी. दोन ओळी मुद्दाम फवारणीविना सोडल्या, तर पैसे वसूल झाले की नाही हे त्याच हंगामात फळे मोजून कळते.