ताई-दादा व्हायचंय? मग ही तयारी करा!

परीक्षा संपत आल्या की कॉलेजातल्या मुलामुलींना वेध लागतात सुट्टीतल्या कमाईचे. पाचगणीपासून मनालीपर्यंत एप्रिल-मे महिन्यांत मुलांची शिबिरे भरतात. त्यांना ‘ताई’ आणि ‘दादा’ हवे असतात. काही आठवड्यांचे काम, राहण्या-जेवण्याची सोय, वर थोडेफार मानधन. पहिल्या कमाईसाठी उत्तम! पण मुलाखतीला जाताना बहुतेकजण भलताच अभ्यास करून जातात.

गेल्या वर्षी आमच्या शेजारची मुलगी अशाच मुलाखतीहून तोंड पाडून परतली. म्हणाली, “काकू, मी कळसूबाई चढल्याचं सांगितलं, ट्रेकची सर्टिफिकेटं दाखवली. त्यांनी एवढंच विचारलं, ‘रात्री अकराला आठ वर्षांचं मूल आईसाठी रडायला लागलं, तर काय कराल?’ मी म्हटलं, ‘आईला फोन लावून देईन.’ संपली मुलाखत!”

पोरीचे चुकले कुठे? कळसूबाईची उंची 1,646 मीटर. पण त्या रात्री त्या मुलाला डोंगर चढणारी नव्हे, जवळ बसणारी ताई हवी असते. पोट दुखतंय का, कुणी चिडवलं का, अंधाराची भीती वाटते का, हे आधी विचारायचे. पाणी द्यायचे, इतरांना दिसेल अशा जागी त्याच्याजवळ बसायचे आणि शिबिरप्रमुखांना कळवायचे. फोनचा निर्णय त्यांच्या सल्ल्याने.

मुलाखत घेणाऱ्याच्या मनात प्रश्न एकच असतो : ‘याच्या हाती लोकांची मुले सोपवावीत का?’ तुमची सगळी तयारी त्या दिशेने हवी.

आपला अनुभव आठवा. गणेशोत्सवात लहान मुलांच्या स्पर्धा घेतल्यात? सुट्टीत मामेभावंडे सांभाळलीत? मग तेच सांगा. काय बिघडले आणि तुम्ही ते कसे सावरले, हेही सांगा. ‘मला मुलं फार आवडतात’ हे वाक्य प्रत्येकजण म्हणतो!

प्रथमोपचार शिकून घ्या. उन्हाने मूल बरळू लागले, तर सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा आणि लगेच वैद्यकीय मदत मिळवावी. शुद्ध नीट नसेल तर पाणी पाजू नये. साप चावला तर आवळून बांधणे नाही, चिरा देणे नाही; चावलेला भाग हलू न देता तडक रुग्णालय. मदतीसाठी देशभर 112, महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108, हे क्रमांक पाठ हवेत.

कायदाही ठाऊक हवा. 2012 च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलावरील लैंगिक अत्याचार कळूनही पोलिसांना न कळवणे हा गुन्हा आहे. म्हणून ‘कुण्णाला सांगणार नाही’ असे वचन मुलाला देऊ नका. बंद खोलीत एकट्या मुलासोबत थांबू नका; त्यात दोघांचेही रक्षण आहे. पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला जाऊ शकतो. त्याला वेळ लागतो, अर्ज आधीच करा.

आणि हो, तुम्हीही प्रश्न विचारा! एका ताईमागे किती मुले? जवळचा दवाखाना किती दूर? पाण्याजवळ जीवरक्षक असतो का? मुलींच्या मुक्कामी रात्री बाई असते का? मानधन किती, कधी, सुट्टी केव्हा? या प्रश्नांना जिथे टोलवाटोलवी होते, तिथे नोकरी मिळत असली तरी नमस्कार करून निघावे.

यंदा शेजारची ती मुलगी पुन्हा गेली. “पोहता येतं?” या प्रश्नावर म्हणाली, “मला येतं. पण बुडणाऱ्याला वाचवण्याइतकं नाही.” मला वाटले, झाले, यंदाही हुकले! पण निवड झाली. तलावावर नव्हे, सर्वांत लहान मुलींच्या मुक्कामावर. शिबिरप्रमुख तिला म्हणाले, “जिला आपली मर्यादा कळते, तिच्या भरवशावर आम्ही रात्री झोपू शकतो.”

थापा मारून नोकरी मिळेलही. पण तिथे पणाला लागलेले असते दुसऱ्याचे मूल!