इन्स्टॉल न करता सॉफ्टवेअर तयार करून बघू द्या



संगणक कक्षात मुलांच्या कानावर सारखं पडणारं वाक्य कोणतं? "हात लावू नकोस, बिघडेल." या धाकात मुलं सॉफ्टवेअर वापरायला शिकतात. पण ते माणसांनीच लिहिलेलं असतं, उघडून बघता येतं, बदलता येतं, हे त्यांना कळतच नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की आठवी-नववीच्या मुलांना एकदा तरी मुक्त स्रोत सॉफ्टवेअर मूळ कोडपासून तयार करू द्या आणि इन्स्टॉल न करता चालवू द्या.

'जीकॉम्प्री'चं उदाहरण घेऊ. लहान मुलांसाठी शंभराहून जास्त शैक्षणिक खेळ असलेलं हे सॉफ्टवेअर ब्रुनो कुदुआँ यांनी २००० साली सुरू केलं. फ्रेंचमध्ये हे नाव 'मला समजलं' असं ऐकू येतं.

लिनक्सवर याची रीत सोपी आहे. कोड उतरवून घ्यायचा आणि त्यात 'बिल्ड' नावाचं रिकामं फोल्डर करायचं. तिथे 'सीमेक' चालवलं, की लागणारी साधनं संगणकावर आहेत का ते तपासलं जातं. मग 'मेक' म्हटलं, की कोडपासून चालणारा प्रोग्राम बनतो. तो त्याच 'बिल्ड'मधल्या 'बिन' फोल्डरातून सुरू करायचा. झालं!

'मेक इन्स्टॉल' ही पुढची आज्ञा द्यायचीच नाही. ती तयार फाइली सिस्टिमच्या फोल्डरांत नेऊन ठेवते, आणि त्यासाठी सहसा अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. आपण तिथवर जातच नाही. प्रयोग फसला तर फोल्डर उडवायचं. पानात वाढण्याआधी आमटी तळहातावर घेऊन आपण चाखतोच ना? तसंच हे.

यातून मुलं काय शिकतात? एखाद्या खेळाच्या फाइलमधला एक रंग किंवा एक आकडा बदलायचा, पुन्हा 'मेक' करायचं आणि फरक बघायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तर विज्ञानाच्या प्रयोगाचाच नियम. चूक झाली तर पडद्यावर लांबलचक मजकूर येतो. तेव्हा घाबरायचं नाही. पहिली चूक शोधून ती नीट वाचायची. चूक वाचायला शिकणं हे मला प्रोग्रामिंगच्या पाठांतरापेक्षा मोलाचं वाटतं.

दोन गोष्टी मात्र आधीच सांगायला हव्यात. कंपायलर, सीमेक आणि क्यूटी ही साधनं आधी एकदा इन्स्टॉल करावीच लागतात. ते काम शिक्षकांनी करावं. दुसरं म्हणजे, असा प्रोग्राम आपल्या सेटिंग्ज वापरकर्त्याच्या होम फोल्डरात लिहू शकतो. तेव्हा प्रयोगासाठी वेगळं युजर खातं काढा, म्हणजे नेहमीच्या कामाला धक्का लागणार नाही.

"अभ्यासक्रमात नाही, वेळ कुठून आणायचा?" हा प्रश्न रास्त आहे. पण यासाठी सगळा वर्ग लागत नाही. एक जुना पण चालता संगणक, चार उत्सुक मुलं आणि शनिवारचे दोन तास पुरेत. पालकांनी घरी एवढंच करावं: मूल काही उघडून बघत असेल तर लगेच ओरडू नये. "काय बदललंस, दाखव बरं," असं विचारावं.