खुराक कोणाचा?

मध्यंतरी सोलापुरात एक व्याख्यान ऐकलं. विषय, आखाड्यानं शिकवलेलं जगणं. वक्ता कधीकाळी मातीत उतरलेला, त्यामुळे लंगोट, शड्डू, चीतपट हे शब्द त्याच्या तोंडी खोटे वाटत नव्हते. निष्कर्ष मात्र ठरलेला होता: मन खंबीर असेल तर कुठलाही डाव उलटवता येतो, हरणारा आधी मनानं हरतो. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत कान मोडलेली तीन पोरं बसली होती, त्यांनीही वाजवल्या. मला ते वाक्य निर्दयी वाटलं.

मीही सहा वर्षं तालमीत काढली आहेत. आमच्या शहरात तालमींना तोटा नाही, निदान नावांत तरी: पत्रा तालीम, पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम. आमची यांच्यापुढे अगदीच लहान. पहाटे हौदा खणायचा, मग जोर, बैठका, मग लढती. माझा जोडीदार पूर्व भागातला, घरात तेलुगू बोलणारा, वडील यंत्रमागावर कामाला. ढाक मी त्याच्यावर शिकलो. डाव शिकायचा तर समोर कुणीतरी स्वतःला पाडू द्यावं लागतं, शेकडो वेळा, आणि नीट पडावं लागतं. माझ्यापेक्षा ताकदीचा असूनही तो पडायचा. पडल्याची लाज वाटू नये, ही एक सवय मला तालमीनं दिली हे खरं, पण तीही मी त्याच्याकडे बघून उचलली. मनाच्या ताकदीवरच्या व्याख्यानांत हा पडणारा माणूस कधीच येत नाही.

खुराकही येत नाही. आमच्या दारात म्हैस होती. दूध, तूप, बदाम घोटून केलेली थंडाई, मला काही मागावं लागलं नाही. त्याच्याकडे दूध विकतचं. मागाच्या पाळ्या कमी झाल्या तेव्हा घरात सगळ्यात आधी तेच बंद झालं. मेहनत तेवढीच, अंग मात्र उतरत गेलं. वस्तादांनी दोन महिने पदरचं दूध पाजलं, पुढं त्यांनाही जमेना. मग गुडघा गेला. गुडघ्याला फडकं बांधून तो चार महिने येत राहिला. तो मनानं हरला, असं कुणी माझ्यासमोर म्हणून दाखवावं.

वक्त्यानं खाशाबा जाधवांचं नाव घेतलंच. सगळेच घेतात: 1952, हेलसिंकी, कांस्यपदक, जिद्द. पण खाशाबा 1948 साली लंडनलाही लढले होते आणि सहावे आले होते. जिद्द काय त्यानंतर विकत आणली? मातीत वाढलेल्या मल्लाला तिथे गादीवर, परक्या नियमांनी लढावं लागलं होतं. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. ही गोष्ट कुणी भिंतीवर लावत नाही, कारण ती ऐकणाऱ्याकडे काहीतरी मागते. 'मन घट्ट कर' हे सांगायला दमडी लागत नाही. शिवाय पोरगं हरलं तर दोषही त्याच्याच माथी. इतका सोयीचा उपदेश आमच्या वस्तादांना कधी सुचला नाही. ते आधी विचारायचे, सकाळी काय खाल्लंस?

प्रश्नोत्तरांत मी उठून विचारलं, "तुमचा खुराक कोण चालवायचं?"

वक्ता मोकळेपणानं हसला. "थोरले बंधू. शाळा सोडून शेती बघायचे."

"त्यांना नव्हता का कुस्तीचा नाद?"

"होता की. माझ्यापेक्षा जास्त. पण घरात एकाचाच खुराक परवडायचा."