झाडं मोजू नका, टँकर मोजा

विद्यापीठाच्या आवाराचा पर्यावरणाच्या अंगाने विचार करा, एवढं पुण्यात नुसतं म्हटलं तरी पहिला आक्षेप तयार असतो. ‘गणेशखिंडीतल्या पुणे विद्यापीठात एकदा जाऊन या. ४११ एकर आवार, वडाच्या पारंब्या, भर मे महिन्यात सावली. याहून हिरवं ते काय असायचं?’

सावली आहे, खोटं नाही. पण श्रेय कुणाचं? ती जागा मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरची, पावसाळ्यातल्या मुक्कामाची. मुख्य इमारत १८७१ मध्ये पुरी झाली आणि विद्यापीठ स्थापन झालं १९४९ मध्ये. आजोबांनी बांधलेल्या वाड्याच्या जोरावर नातवाने कर्तबगार म्हणवून घ्यावं, तसा हा प्रकार आहे.

शिवाय सावली कितीही दाट असली तरी फाटकातून आत काय येतं आणि बाहेर काय जातं, ते तिच्यावरून कळत नाही. आत येतं पाणी, वीज, कागद आणि पेट्रोल जाळत आलेली माणसं. बाहेर जातं सांडपाणी, कचरा आणि धूर. आवार टिकाऊ आहे की नाही ते या देवघेवीवर ठरतं. हिरवळीचंच बघा. उन्हाळ्यात चौरस मीटरला दिवसाला पाचेक लिटर पाणी धरलं, तर एकरभर हिरवळ वीस हजार लिटर पिते. म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर, रोज. शहरातल्या वसतिगृहांत पोरं बादल्या भरून ठेवत असतात तेव्हा! माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर मात्र हिरवळच येते, बादली येत नाही.

दुसरा पक्ष वृक्षारोपणवाल्यांचा. जुलैमध्ये खड्डे, प्रमुख पाहुणे, झारी, फोटो. या मंडळींनी शेजारच्या टेकड्यांवर एक फेरी मारावी. पुण्याच्या टेकड्या मुळात गवताळ, मधूनमधून विरळ झाडांच्या. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्यावर ग्लिरिसिडिया लावला गेला. हे मध्य अमेरिकेकडचं झाड. आपल्याकडे त्याला उंदीरमारी म्हणतात. भराभर वाढतं, उन्हाळ्याच्या तोंडाशी छान गुलाबी फुलतं. पण त्याच्या दाटीखाली मूळचं गवत मागे पडतं आणि गवतावर जगणारे पक्षीही. लांबून टेकडी हिरवी दिसते, एवढंच. आवारात खड्डे खणण्याआधी तिथे आपोआप काय उगवतं ते ओळखणारा माणूस हवा, आणि तो वनस्पतिशास्त्र विभागात पगारावर बसलेला असतोच. त्याला विचारत कुणी नाही.

तिसरे म्हणतात, कारखाने आणि बांधकामं मोकाट असताना एका आवाराने सुधारून काय होणार? पण प्रश्न एका आवाराचा नाहीच. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या नियमांवर पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतली शेकडो महाविद्यालयं चालतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांची ती जाडजूड जर्नलं, एका बाजूला कोरी पानं असलेली. सही-शिक्का झाला की रद्दीत. प्रबंध पाठपोट छापलेला चालेल, जर्नल संगणकावरचं चालेल, एवढं एक परिपत्रक काढा. त्याला ना निधी लागतो ना जागा.

चौथा आक्षेप सगळ्यांत वजनदार: हे सगळं आधीच चालू आहे. शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात हरित लेखापरीक्षण आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाने पर्यावरणस्नेही आवारासाठी चौकट दिली आहे. खरंच आहे. फाइली आहेत, चांगल्या जाड आहेत. पण बहुतेक आवारांत विजेचं बिल एकगठ्ठा येतं. आपल्या विभागाने किती युनिटं जाळली ते विभागप्रमुखालाही ठाऊक नसतं. शिकवण्याचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पर्यावरणाचा विषय पदवीला सक्तीचा झाला. त्यासाठी आयोगाने काढलेलं देशभरचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याच्या डॉ. एरच भरुचांनी. ते आदल्या रात्री वाचून पेपर सोडवायचा, आणि पेपर संपला की रिकाम्या हॉलमध्ये पंखे गरगरत ठेवून निघून जायचं!

मग करायचं काय? पावसापासून सुरुवात करू. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. ४११ एकरांवर तो ११६ कोटी लिटर होतो. बराचसा झाडं पितात, उडून जातो, ओढ्याने मुळा नदीला मिळतो. पण दहावा हिस्सा जरी अडवला-मुरवला, तरी माणशी रोज १३५ लिटरच्या हिशेबाने दोन हजारांहून अधिक माणसांची वर्षभराची सोय होते. अडचण एवढीच की आपला काळा पाषाण हवं तिथे पाणी मुरू देत नाही. भेगा आणि कुजका खडक शोधावा लागतो. ते काम भूशास्त्र विभागाचं. एमएस्सीचे काही प्रकल्प दूरच्या तालुक्यांऐवजी आवारातल्याच विहिरींवर झाले, तर बिघडलं कुठे?

विभागांनी उठून काम केलं की काय होतं, याचा दाखला याच शहरात आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण १९९० च्या सुमारास कचरावेचक बायकांच्या वस्तीत शिकवायला गेल्या. कचरापेटी उपसणंच सुटत नसेल तर अक्षरं गिरवून काय मिळणार, हे ध्यानात आल्यावर त्यांनी वेगळा केलेला कचरा थेट घरांतून या बायकांना मिळावा, असा प्रयत्न सुरू केला. १९९३ मध्ये कामगार नेते डॉ. बाबा आढावांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून ती घरोघरचा कचरा उचलू लागली. ओला-सुका वेगळा करण्याची पुण्याची सवय, जी काय थोडीफार आहे ती, एका विभागाच्या दारातून अशी बाहेर पडली. यात कुणी एक रोपही लावलं नव्हतं.

राहिली वाहनं. इथे माझे सगळे मित्र विरोधी पक्षात जातात. २०१७ च्या डिसेंबरात शहरातली भाड्याच्या सायकलींची योजना विद्यापीठाच्या आवारातूनच सुरू झाली होती, काही वर्षांत ती विरून गेली. ‘पाहिलंत? लोकांनाच नको आहे,’ असा निष्कर्ष लगेच निघाला. मला तो पटत नाही. मोटार विभागाच्या पायरीपर्यंत फुकट नेता येत असेल, तर सायकल घेईल कोण? हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोची मार्गिका फाटकावरूनच जाते. फाटकापासून आत वेळेवर सुटणाऱ्या छोट्या बसगाड्या ठेवा, आणि त्यांचा खर्च मोटारी उभ्या करण्याच्या शुल्कातून काढा. शुल्क चारचाकीपासून लावायचं, आणि चारचाकींत पहिली पावती कुलगुरूंच्या नावाने फाडायची. विद्यार्थ्यांच्या दुचाकींचं मग बघू.