गाण्याचा सातबारा

परवा आमच्या गल्लीतून एक वरात गेली. पुढे हलगी, मागे बँजो पार्टी, गाडीवर भलेमोठे स्पीकर. एका गाण्यात तोंडाने भराभर बोलणारा रॅपर होता आणि त्याच्यामागे रॉकच्या गिटारी कडाडत होत्या. नातू म्हणाला, "आजोबा, हे एकदम नवीन आहे. रॅप आणि रॉक एकत्र!" मी म्हटले, "बाळा, याचा सातबारा काढून बघू."

जमिनीप्रमाणे गाण्यालाही मागचे धनी असतात. घरोघरी केबल येत होती त्या काळात, १९९२ साली, बाबा सहगल यांचे 'ठंडा ठंडा पानी' गाजले. मला ते अस्सल देशी वाटले होते. पण त्याची चाल व्हॅनिला आइस या अमेरिकन रॅपरच्या १९९० सालच्या 'आइस आइस बेबी'ची. अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेले ते पहिले रॅप गाणे. आणि त्याच्या तळाशी वाजणारी बेस गिटार? ती 'अंडर प्रेशर' या गाण्यातली. ते १९८१ साली 'क्वीन' हा रॉक बँड आणि डेव्हिड बोवी यांनी केले होते. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे पारशी घरातला फारूख बलसारा. तो शिकला आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, आणि 'हेक्टिक्स' नावाचा पहिला बँडही त्याने तिथेच काढला. फेरफार पाहता पाहता आपण सातारा जिल्ह्यात येऊन पोचलो!

गंमत इथे संपते. 'आइस आइस बेबी'वर सुरुवातीला क्वीन आणि बोवी यांची नावेच नव्हती. वाद झाला, तडजोड झाली, तेव्हा कुठे नावे चढली.

याच्या उलट गोष्ट १९८६ सालची. रन-डीएमसी या कृष्णवर्णीय रॅपरांनी 'एरोस्मिथ' या गोऱ्या रॉक बँडचे १९७५ सालचे 'वॉक धिस वे' नव्याने केले. निर्माते रिक रुबिन यांनी मूळ गायक स्टीव्हन टायलर आणि गिटारवादक जो पेरी यांनाच स्टुडिओत बोलावले. चित्रफितीत दोन बँडांमध्ये एक भिंत आहे आणि ती गाण्यातच फुटते. ते गाणे चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. रॅप गोऱ्या श्रोत्यांच्या घरात शिरला, आणि उतरणीला लागलेला एरोस्मिथही सावरला. लाभ दोघांचा झाला.

माझे आयुष्य बँकेत गेले, म्हणून मला यात नावे-जमा दिसते. कर्ज काढणे हा गुन्हा नव्हे. जगातले सगळे संगीत उसनवारीवर चालते. पण उचल केली आणि खतावणीत नोंदच नाही, तर त्याला बँकेत वेगळे नाव आहे.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक अवघड आहे. २०१२ सालच्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीवरचा हक्क पक्का केला. पण पोतराजाच्या, वासुदेवाच्या, गोंधळ्याच्या चालीला कागदोपत्री धनीच नाही. तिथे 'पारंपरिक' एवढा एकच शब्द लिहिला की काम भागते. शाहीर अमर शेख आपल्या बार्शीचे, त्यांचे नाव टिकले. त्यांच्यासारख्यांच्या आधी गावोगाव डफ घेऊन हिंडलेल्या कितीजणांची नावे आज आपल्याला सांगता येतील?

चांगले उदाहरणही आहे. मुंबईच्या 'स्वदेसी' या रॅपर मंडळींनी २०१९ साली 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे केले. त्यात आरे जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे आणि गाण्यावर त्यांचे नावही आहे. भिंत फोडायची तर अशी.

मुलांनी काय ऐकावे यावर घरोघर वाद होतात. रॅप ऐकू नका, रॉक ऐकू नका, असे सांगण्यात मला अर्थ दिसत नाही. एवढेच सांगावे, की गाणे आवडले तर ते कुणाकडून आले हेही शोधा. ज्या मोबाइलवर गाणे वाजते, त्याच मोबाइलवर ते सापडते.

वरात कोपऱ्यावर थांबली तेव्हा मी हलगीवाल्याला विचारले, हा ठेका कुणाकडून शिकलास? तो म्हणाला, "आज्याकडनं." मी आज्याचे नाव विचारले. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. हे त्याला आजवर कुणी विचारलेच नव्हते.