मीठ कुठे गेलं, त्याचा हिशेब द्या!

बोईसर, पास्थळ, नवापूर, आलेवाडी, नांदगाव, मुरबे, सातपाटी आणि तारापूर औद्योगिक वसाहतीच्या आसपास राहणाऱ्या सर्वांसाठी

मंडळी,

खाडीच्या पाण्याला केमिकलचा वास येतो हे तुम्हाला सांगायला अभियंता लागत नाही. जाळ्यात काय येतं आणि काय येईनासं झालं, हे तुम्ही आमच्यापेक्षा चांगलं जाणता. हे पत्रक वासाबद्दल नाही, कागदांबद्दल आहे. सांडपाणी नाल्यात सुटतं त्याच्या कितीतरी आधी ते एका अहवालात 'शुद्ध' झालेलं असतं.

२००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला. तारापूरला ७२.०१ गुण मिळाले. हे शाळेतले गुण नव्हेत. सत्तरच्या वर गेलं की पट्टा 'अतिप्रदूषित' ठरतो. २०१८ च्या मोजणीत आकडा ९३.६९ वर गेला आणि तारापूर देशात पहिलं आलं. मधल्या काळात अहवाल कमी लिहिले गेले असं कुणी समजू नये. प्रत्येक नव्या संमतीपत्राला, प्रत्येक विस्ताराला, प्रत्येक नूतनीकरणाला अहवाल लागतो. तो लिहितो सल्लागार, ज्याला वसाहतीत सगळे कन्सल्टंट म्हणतात.

कन्सल्टंटला पैसे कारखाना देतो, आणि काम बहुधा एकच असतं: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून 'कन्सेंट', म्हणजे संमतीपत्र, मिळवून देणं. कन्सेंट हाती पडला की त्याचं काम संपलं. आराखड्यातली यंत्रणा उभी राहिली का, चालली का, चालवायला परवडली का, हे बघायला त्याला कुणी नेमत नाही. ती बंद पडली तर त्याला कुणी जाबही विचारत नाही. पूल कोसळला तर आराखड्याखाली सही कुणाची होती ते शोधतात. सांडपाण्याच्या आराखड्याखालची सही मात्र सहसा कुणी शोधत नाही. या धंद्यात प्रामाणिक माणसं आहेत, नाहीत असं नाही. पण खरा खर्च सांगणाऱ्या प्रामाणिक माणसाचं कोटेशन महाग पडतं आणि काम शेजारच्याला मिळतं.

आता मिठाकडे येऊ. औषधं आणि रंगांची रसायनं बनवणाऱ्या कारखान्यांतून निघणाऱ्या काही सांडपाण्यात क्षार भयंकर असतात. जिवाणू वाढवून पाणी साफ करणाऱ्या टाकीत हे क्षार कमी होत नाहीत. जास्त झाले तर उलट जिवाणूच मरतात. म्हणून अहवालात लिहिलेलं असतं की असं पाणी वेगळं काढू, बाष्पीभवन यंत्रात आटवू, बाहेर थेंबही सोडणार नाही. 'शून्य विसर्ग' हा त्या अहवालातला सर्वांत लाडका शब्द.

ठीक आहे, मग आपण गणित करू. समजा, एका कारखान्याने रोज १०० घनमीटर असं पाणी आटवतो म्हणून लिहून दिलं आणि त्यात लिटरमागे ४० ग्रॅम क्षार आहेत. म्हणजे रोज ४ टन मीठ. हे मीठ स्वयंपाकाचं नव्हे, धोकादायक कचरा आहे. ते गोण्यांत भरून, नोंदीचे कागद करून तळोज्यासारख्या अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे गेलं पाहिजे. महिन्याला १२० टन. दहा टनांचा ट्रक धरला तर बारा फेऱ्या. वसाहतीच्या फाटकावर उभं राहून मोजता येईल इतकी ही साधी गोष्ट आहे. कागदोपत्री पाणी आटलं आणि मिठाच्या फेऱ्या दोनच झाल्या, तर उरलेलं मीठ कुठे गेलं? ते पाण्याबरोबरच गेलं, दुसरीकडे कुठे जाणार?

मीठ नको, वाफ मोजा. तीन टप्प्यांच्या बाष्पीभवन यंत्रात एक टन वाफ ढोबळमानाने अडीच टन पाणी उडवते. शंभर टनांसाठी चाळीस टन वाफ रोज लागेल, म्हणजे तासाला पावणेदोन टनांच्या आसपास, तीही उत्पादनाला लागणाऱ्या वाफेच्या वर. बॉयलरची क्षमता त्याच अर्जात दोन पानं पुढे छापलेली असते. तो बॉयलर उत्पादनालाच जेमतेम पुरत असेल, तर आराखडा लिहिणाऱ्याला आणि मंजूर करणाऱ्याला हे कळलं नाही असं आम्ही मानायचं का? बेरीज-वजाबाकी करणारा कुणीही हे पकडू शकतो, फक्त कागद हाती यायला हवा.

उरलेलं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात, म्हणजे सीईटीपीत जातं. जुनं केंद्र दिवसाला २५ दशलक्ष लिटरचं, नंतर ५० दशलक्ष लिटरचं नवं आलं. असं केंद्र सरासरीवर आखलेलं असतं आणि घात इथेच होतो. औषधांचं उत्पादन बॅचमध्ये होतं. दिवसभर बरं पाणी येतं आणि रात्री कुणीतरी टाकी उपसून द्रावक सोडतो. जिवाणू मरतात, ते पुन्हा वाढायला आठवडे लागतात, आणि तोवर केंद्र म्हणजे नुसती रुंद नाली. अशा केंद्राची क्षमता वाढवून किंवा सांडपाणी समुद्रात सोडणारी वाहिनी आणखी आत नेऊन पाणी शुद्ध होत नाही, फक्त नवापूरच्या किनाऱ्यावरून नजरेआड होतं.

या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने सामायिक केंद्रावर आणि शंभरावर कारखान्यांवर भरपाई बसवली. वर्षानुवर्षं चिकाटीने लढणाऱ्या मच्छीमारांना आमचा सलाम. भरपाईचा वाद कोर्टात चालायचा तसा चालो. पण त्या सगळ्या कज्ज्यात ज्यांनी आराखडे लिहिले, त्यांना कुणी काय विचारलं?

पाण्याच्या नियोजनाचंही हेच: हिशेब कुणी देत नाही. सूर्या प्रकल्प डहाणू-पालघरच्या शेतीसाठी म्हणून बांधला. आज त्याच पाण्यातून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी रोज ४०३ दशलक्ष लिटरची योजना आहे, आणि कालव्याच्या टोकाचा आदिवासी शेतकरी दुसऱ्या पिकाची वाट बघत बसतो. अशा जिल्ह्यात कारखान्याने किती पाणी घेतलं, किती वापरलं, किती परत वापरलं आणि किती टाकलं हा ताळेबंद 'गोपनीय' कसा? रसायनाची कृती गुप्त ठेवा, आमची हरकत नाही. पाणी आमचं आहे.

छोटे उद्योजक म्हणतील, एवढा खर्च झेपणार नाही, नोकऱ्या जातील. लहानांना झेपत नाही म्हणूनच सामायिक केंद्राची कल्पना निघाली. आणि नोकऱ्यांबद्दल बोलायचं तर सातपाटीचं पापलेट आणि मुरब्याची खाडी यांवर जगणाऱ्यांच्या नोकऱ्या कुठल्या रजिस्टरात लिहिल्या आहेत? सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ ला पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर सांगितलंच आहे: चालू स्थितीतली सांडपाणी यंत्रणा नसेल तर कारखाना चालवता येणार नाही. चालू स्थितीतली, चित्रातली नव्हे.

आमची मागणी अशी. प्रत्येक संमतीपत्रासोबतचा पाण्याचा आणि क्षारांचा ताळेबंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. आराखड्याखाली सही करणाऱ्या सल्लागाराचं नाव त्यावर छापलं पाहिजे, आणि यंत्रणा सुरू झाल्यापासून निदान वर्षभर ती चालवून दाखवण्याची लेखी हमी त्याच्याकडून घेतली पाहिजे. त्याची फी कारखान्याने थेट न देता मंडळाकडे जमा करावी आणि काम मंडळाने नेमून द्यावं. वर्षभर यंत्रणा चालली नाही, तर त्याचा पुढचा आराखडा मंडळाने स्वीकारू नये.

हे होईपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २५(६) प्रमाणे मंडळाने संमतीपत्रांतल्या अटींची नोंदवही ठेवायची असते, आणि सांडपाण्याची झळ लागणाऱ्या कुणालाही ती कार्यालयात पाहता येते. वकील लागत नाही. कलम ४९ प्रमाणे साठ दिवसांची नोटीस देऊन नागरिक स्वतः न्यायालयात तक्रार करू शकतो, आणि अशी तक्रार करणाऱ्याने मागितले तर मंडळाला स्वतःकडचे संबंधित अहवाल द्यावे लागतात. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या. नोंदवही पाहायला एकटे जाऊ नका, चौघं मिळून जा आणि एकाला तरी हिशेब येऊ द्या. अर्जाचा नमुना या पत्रकाच्या मागच्या बाजूला आहे. नाव, गाव आणि कारखान्याचा प्लॉट नंबर तेवढा भरायचा.