उपजात कोणती?

शॅमेलिऑन पाळणाऱ्या माणसाला घरी येणारे पाहुणे दोन प्रश्न हमखास विचारतात. हा चावतो का? आणि आता रंग बदलून दाखवेल का? पहिल्याचं उत्तर 'कधीकधी', दुसऱ्याचं 'तुमच्यासाठी मुद्दाम नाही'. हे प्रश्न मला आवडतात, कारण ते सरळ असतात. पण पाळणारेच एकमेकांना जो तिसरा प्रश्न विचारतात, त्याने मात्र मला हल्ली वैताग यायला लागलाय. 'तुमच्याकडे कुठला आहे? म्हणजे, उपजात कोणती?'

आधी थोडी ओळख करून देते. इथे अमेरिकेत पाळीव म्हणून सहज मिळतो तो व्हेल्ड शॅमेलिऑन. आपल्याकडच्या रानात दिसतो तो वेगळा, आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे, तो पाळायचा विचारसुद्धा करू नये. हा व्हेल्ड मूळचा येमेनचा आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य कोपऱ्यातला. डोक्यावर उंच टोप, नराचा तर चांगला दोन इंचांपर्यंत वाढणारा. येमेन म्हटलं की मराठी माणसाला एडन आठवतं आणि एडन म्हटलं की वासुदेव बळवंत फडके, जे १८८३ मध्ये तिथल्या कैदेत गेले. त्याच एडनच्या उत्तरेला डोंगर चढत जातात. तैझ आणि इब्बच्या बाजूला उन्हाळ्यात चांगला पाऊस पडतो, डोंगरउतारांवर पायऱ्यांची शेती आहे, आणि तिथल्या झाडाझुडपांत हे महाशय राहतात. अरबस्तानातला म्हणजे वाळवंटातला, असं समजून त्याला कोरड्याठाक पेटीत ठेवणारे लोक मी पाहिलेत. असो, तो वेगळा विषय.

तर उपजाती. पुस्तकात त्या दोन आहेत. ड्युमेरिल पितापुत्रांनी १८५१ मध्ये या प्राण्याला कॅलिप्ट्रेटस असं नाव दिलं, म्हणजे आच्छादन घेतलेला. पुढे १८७१ मध्ये पीटर्सने कॅल्कॅरिफर असं आणखी एक नाव दिलं, आणि आज ते याच प्राण्याच्या दुसऱ्या उपजातीचं म्हणून वापरतात. पहिली उपजात येमेनची, उंच टोपाची, भडक पट्ट्यांची. दुसरी उत्तरेकडची, सौदीच्या बाजूची, टोप बुटका आणि रंग जरा फिके. गंमत म्हणजे कॅल्कॅरिफरचा अर्थ 'काटा बाळगणारा', आणि मागच्या पायाच्या टाचेवरचा तो बारीक काटा दोन्हींच्या नरांना असतो. पिल्लू अंड्यातून बाहेर पडतं तेव्हापासून असतो. म्हणजे त्या काट्यावरून नर की मादी ते कळतं, उपजात कळत नाही. शिवाय ही दुसरी उपजात म्हणजे शेजारच्या अरबी शॅमेलिऑनशी झालेला संकर असावा, अशीही शंका काही अभ्यासकांनी घेतली आहे. पुस्तकातच इतकं धूसर असेल तर दुकानातल्या पाटीवर ते इतकं ठळक कुठून येतं?

पाटीवर ते येतं किमतीसाठी. साध्या व्हेल्डपेक्षा 'अमुक उपजातीचा' व्हेल्ड महाग विकता येतो. हे मला अगदी ओळखीचं वाटतं. आपण मराठीत 'जात' हा शब्द आंब्यालाही लावतो, म्हशीलाही लावतो आणि माणसालाही लावतो, आणि तिन्ही ठिकाणी विचारणाऱ्याच्या मनात भाव काय करायचा हेच असतं.

आता टोप बघून उपजात ओळखता येईल का? टोपाची उंची नर की मादी यावर अवलंबून, वयावर अवलंबून, आणि लहानपणी खायला काय मिळालं यावर तर फारच अवलंबून. कॅल्शियम आणि अतिनील प्रकाश कमी पडला की याची हाडं मऊ होतात, पाय वाकतात, टोपही वाकडा होतो किंवा नीट वाढतच नाही. अशा कुपोषित नराला 'बुटक्या टोपाची दुर्मिळ उपजात' म्हणून विकलं, तर घेणारा दिवा बदलायचं सोडून कौतुक करत बसणार.

रंगाचं तर विचारूच नका. आज अमेरिकेत विकले जाणारे बहुतेक सगळे व्हेल्ड इथेच कैदेत जन्मलेले असतात. १९९० च्या दशकापासून पिढ्यानपिढ्या हेच चालू आहे. मूळ जोड्या कुठल्या डोंगरावरच्या, कुणाची गाठ कुणाशी मारली, याच्या वह्या बहुतेकांनी ठेवल्याच नाहीत. एकाच मादीच्या एकाच खेपेतली भावंडं मोठी झाल्यावर शेजारी शेजारी ठेवून बघा. एकाचे पट्टे हळदीसारखे पिवळे, दुसऱ्याचे विटकरी, तिसऱ्याच्या अंगावर निळसर झाक. तीन उपजाती? एका आईच्या पोटी? हवाईतल्या माउई बेटावर २००२ मध्ये हे प्राणी मोकाट सापडले, फ्लोरिडातही त्यांची रानटी वस्ती झाली आहे. हे सगळे पाळीव व्हेल्डचे वंशज. त्यांचा रंग बघून ते तैझचे की सौदीचे हे कुणी सांगू लागला, तर मी नमस्कार करून निघून येईन.

हाच प्रश्न मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनबद्दल विचारला तर मला तो पटतो. तिथे नोसी बे बेटावरचा नर, अंबान्जाचा नर आणि अंबिलोबेचा नर यांचे रंग खरोखरच वेगवेगळे असतात, आणि २०१५ मध्ये जनुकं तपासून झालेल्या अभ्यासात त्या वेगळेपणाला आधारही मिळाला. तिथे गाव विचारण्याला अर्थ आहे. पँथरवाल्यांची ही सवय व्हेल्डवाल्यांनी उचलली, एवढंच झालंय. अलीकडे 'ट्रान्सलुसंट' नावाचे गुलाबी-पांढरे ठिपकेवाले व्हेल्ड फार विकले जातात. त्यांच्या कातडीवर काही ठिकाणी रंगपेशीच नसतात. ते आनुवंशिक आहे हे खरं, पण त्याचा कुठल्या प्रदेशाशी किंवा उपजातीशी काही संबंध नाही. तरी पाटीवर उपजात लिहिलेली असतेच.

वैताग येण्याचं खरं कारण पुढे आहे. गेल्या वर्षी एका मैत्रिणीचा फोन आला. "अगं, आम्ही एक घेतलाय, तुझ्याकडे आहे तसाच, पण दुर्मिळ! काळपट हिरवा, त्यावर पिवळे आणि निळे ठिपके. विकणारा म्हणाला डोंगरातली वेगळी उपजात आहे." मी विचारलं, मागच्या पायाच्या टाचेला काटा आहे का? नव्हता. पिंजऱ्यात माती आहे का? नव्हती. खातेय का? दोन दिवस नाही, खाली उतरून तळाशी ओरबाडत बसते.

ज्यांनी मादी पाळली आहे त्यांच्या लक्षात आलं असेल. व्हेल्डची मादी वयात आली की अंगावर निळे ठिपके उमटतात, आणि पोटात अंडी धरली की ती काळपट होते, त्यावर पिवळे-निळे ठिपके उठून दिसतात. नर जवळ आला तर तोंड उघडून, अंग डोलवून त्याला हाकलते. 'मला आता नको' असं सांगणारा तो रंग. आणि नर कधी भेटलाच नाही तरी कोंबडीसारखी ती अंडी धरते. तेव्हा तिला फूटभर खोल ओलसर वाळू लागते. उकरायला जागा मिळाली नाही तर अंडी आतच अडकतात आणि ती मरते. मैत्रिणीने त्याच संध्याकाळी बादलीभर ओली वाळू आणून ठेवली. तिसऱ्या दिवशी मादीने अंडी घातली आणि वाचली. शरीराने ओरडून सांगितलेली गोष्ट पाटीवर उपजातीचं नाव होऊन बसली होती, आणि त्याचे पन्नास डॉलर जास्त घेतले होते.

या प्राण्याचा रंग म्हणजे त्याचं बोलणं आहे. सकाळी गारठला असेल तर गडद होतो, ऊन शोषून घ्यायला. रात्री झोपला की इतका फिका हिरवा होतो की टॉर्च मारली तर पानांत एकदम उठून दिसतो. कात टाकायच्या आधी राखाडी, मळकट. ॲरिझोना स्टेट विद्यापीठात दोन नरांची झुंज लावून संशोधकांनी २०१३ मध्ये बघितलं, की ज्याचे अंगावरचे पट्टे जास्त उजळतात तो पुढे चाल करून जाण्याची शक्यता जास्त, आणि ज्याचं डोकं जास्त उजळ आणि भराभर रंग बदलतं तो जिंकण्याची शक्यता जास्त. पुढच्या वर्षी त्याच प्रयोगशाळेतून आलं, की हरणारा काळवंडतो, म्हणजे 'पुरे, मी हरलो' असं सांगतो. आता काचेच्या पेटीत स्वतःचंच प्रतिबिंब बघून दिवसभर काळवंडलेला नर डोळ्यांसमोर आणा. त्याचा फोटो काढून 'ही गडद जात कोणती?' असं विचारणाऱ्याला काय सांगायचं? पेटीला बाहेरून कागद लावा, हेच.

कुतूहल वाईट नाही. आपल्या घरातल्या जिवाचे पणजोबा कुठल्या डोंगरावर होते हे जाणून घ्यावंसं वाटणं मला कळतं. पण ते ज्यांच्याकडून कळलं असतं त्या वह्याच नाहीत, आणि २०१४ पासून येमेनमध्ये जे युद्ध पेटलं त्यानंतर तिथल्या डोंगरांत जाऊन सरडे मोजणं कुणाला सुचणार? तेव्हा जे कळू शकतं ते तरी विकणाऱ्याने लिहून द्यावं. अंड्यातून कधी निघाला. टाचेला काटा आहे की नाही. आईबापांचे मोठेपणीचे फोटो, शक्यतो शांत असतानाचे आणि चिडलेले असतानाचे, दोन्ही. कुठल्या दिव्याखाली वाढला, कॅल्शियम किती दिवसांनी दिलं. मादी असेल तर शेवटची अंडी कधी घातली.

एवढं लिहून देणारे विक्रेते मला आजवर दोनच भेटले. उपजात विचारल्यावर एकाने खांदे उडवले. दुसरी हसून म्हणाली, हिची आई माझ्या गॅरेजमध्ये जन्मली, आजी शेजारच्या गावातल्या एका गॅरेजमध्ये, त्यापलीकडचं मला माहीत नाही.